अकरावीच्या फॉर्मवरचं ‘द्विलक्षी’ आणि ‘व्होकेशनल’ म्हणजे नेमकं काय, आणि डिझाईन-टेक्नॉलॉजी शिकून पुढे काय होतं

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्याआधी पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांतच ही भानगड होती, आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारला कॉलेजात जायचं, गुणपत्रिका दाखवायची, फी भरायची आणि मोकळं व्हायचं. आता मात्र सायबर कॅफेत बसून पसंतीक्रम भरावा लागतो आणि तिथे पहिल्यांदा अनेक आईबापांना कळतं की आर्ट्स, कॉमर्स, सायन्स या तीन डब्यांशिवाय अजूनही काहीतरी आहे. व्होकेशनल म्हणून एक शाखा दिसते, कॉलेजच्या पत्रकात द्विलक्षी म्हणून काही असतं, कुठे इलेक्ट्रॉनिक्स, कुठे मेकॅनिकल मेंटेनन्स, आणि सीबीएसईच्या शाळेत असाल तर डिझाईन थिंकिंग नावाचाही विषय. मग प्रश्न येतो तो आपल्या अहिराणीत अगदी सरळ असतो: हाऊ विषय लिसन पोऱ्या पुढे काय करी? म्हणजे हा विषय घेऊन मुलगा पुढे काय करणार?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट कोणी देत नाही. कॉलेजवाले घाईत, क्लासवाले आपापला धंदा बघतात, नातेवाईक म्हणतात सायन्स घे आणि नीटचा क्लास लाव. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, म्हणजे निदान नाही म्हणायचं असेल तरी काय सोडतोय ते माहीत असेल.

हा विषय नक्की कशाचा आहे

डिझाईन म्हटलं की आपल्याला ड्रेसचं किंवा लग्नपत्रिकेचं डिझाईन आठवतं, टेक्नॉलॉजी म्हटलं की मोबाईल आणि कॉम्प्युटर. शाळेतला डिझाईन-टेक्नॉलॉजी हा विषय या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. एखादी खरी अडचण शोधायची, ती कोणाची आहे ते समजून घ्यायचं, त्यावर एक वस्तू किंवा व्यवस्था ठरवायची, ती बनवून बघायची, तपासायची, फसली तर का फसली ते लिहायचं आणि पुन्हा बनवायची, असं हे सगळं.

घरातलंच उदाहरण घ्या. कोणाकडून तरी शिकून शेवभाजी जशीच्या तशी करता येणं ही कारागिरी झाली. मसाला परतल्यावर तेल वर का येतं हे सांगता येणं म्हणजे सायन्स. पण बारशाला चाळीस माणसं येणार आहेत, आजीला दात नाहीत, पुण्याहून आलेल्या सुनेच्या माहेरच्यांना आपलं तिखट झेपत नाही, शेगडी एकच आहे आणि शेव आधी टाकली तर लगदा होतो, हे सगळं धरून काय करायचं, किती करायचं, कशानंतर काय टाकायचं हे ठरवणं आणि थोडं आधी करून चाखून बघणं, ते डिझाईन. आपल्या घरच्या बायका हे रोज करतात, त्याला कोणी विषय म्हणत नाही एवढंच.

काही देशांत शाळेच्या शेवटच्या वर्षांत हा रीतसर विषय आहे. इंग्लंडमध्ये १९९० पासून डिझाईन अँड टेक्नॉलॉजी राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे, आणि आपल्या अकरावी-बारावीच्या जागी तिथे जी ए लेव्हल असते त्यात या विषयाचे ५० टक्के मार्क एका मोठ्या प्रोजेक्टला असतात, म्हणजे मुलाने स्वतः निवडलेली अडचण आणि स्वतः बनवलेली वस्तू, उरलेले ५० टक्के लेखी परीक्षेला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात बारावीला याच नावाचा विषय आहे, तिथे तर प्रोजेक्टला १०० पैकी ६० मार्क आणि लेखीला ४०. आपल्या बोर्डाच्या प्रॅक्टिकलच्या सवयीने हे वाचून दचकायला होतं, कारण आपल्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे आधीच ठरलेला प्रयोग आणि आधीच माहीत असलेलं उत्तर. तिथे उत्तर कोणालाच माहीत नसतं, सरांनाही नाही.

बाहेरचं सगळं गोड आहे असंही समजू नका. इंग्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत हा विषय घेणारी मुलं खूप घटलीत आणि शिकवायला शिक्षक मिळत नाहीत ही तिथली कायमची तक्रार आहे. वर्कशॉप चालवायला खर्च येतो आणि शाळेला तोच आधी कापावासा वाटतो, हे तिथेही तसंच.

केळीचा घड घेऊन बघू

नुसतं सांगून हा विषय कळत नाही, म्हणून रावेर-यावल पट्ट्यातली एक अडचण घेऊ आणि बारावीचा मुलगा किंवा मुलगी त्यावर कसं काम करेल ते बघू.

केळीची कापणी चालू आहे. घड साधारण वीस-पंचवीस किलोचा, कापला की मजूर तो खांद्यावर नाहीतर डोक्यावर घेतो आणि बांधावर उभ्या असलेल्या गाडीपर्यंत नेतो. वाटेत घासतो, ठेवताना आपटतो. त्या वेळी साल हिरवीगार दिसते पण एक-दोन दिवसांत तिथे काळे डाग येतात आणि व्यापारी भाव पाडतो. मजुराच्या मानेचे आणि खांद्याचे हाल वेगळे, कपड्यावर पडलेला केळीचा चीक तर धुऊन निघतच नाही.

आता वर्गात बसून कोणालाही सुचेल की हातगाडी करा. मुलगी कागदावर छान गाडी काढते, चार चाकं, वर फोमची गादी. मग ती मळ्यात जाते आणि एका चकरेत तिला दिसतं की ओळींमध्ये अंतर पाच-सहा फूट, त्यात पानं खाली लोंबलेली, जमीन ओली, आणि प्रत्येक ओळीला ड्रीपची नळी पसरलेली. चाक रुततं आणि नळीवरून गेलं की नळी दबते. गाडी बाद. पण हे फुकट गेलेलं काम नाहीये, या विषयात हेच काम आहे, आणि तिने वहीत हे सगळं अंतरासकट, फोटोसकट लिहून ठेवलं तर त्याचे मार्क आहेत.

मग दुसरा विचार. लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या केळीबागांत घड केबलवर लटकवून थेट पॅकहाऊसपर्यंत नेतात, जमिनीला टेकवतच नाहीत. भारी वाटतं, पण आपल्याकडे एकेकाचं क्षेत्र दोन-चार एकर, काही पिकांनंतर बाग मोडायची, त्याच रानात दुसरं पीक घ्यायचं, तिथे लोखंडी खांब आणि केबल कोण कायमचे रोवणार? म्हणजे दुसऱ्या देशात चाललेली गोष्ट इथे का चालत नाही हे तिला कारणासकट सांगता आलं पाहिजे, आणि त्यासाठी थोडा हिशेबही करावा लागतो.

तिसरा विचार, पाठीवर अडकवायची हलकी फ्रेम, खाली टेकू, आत मऊ अस्तर. इथे ती पहिल्यांदा नमुना बनवते. या नमुन्याला प्रोटोटाइप म्हणतात, म्हणजे तपासून बघायला केलेलं कच्चं रूप, ते विकायचं नसतं. बांबूच्या काड्या, जुन्या बॅगेचे पट्टे, केळीच्याच पॅकिंगचा पुठ्ठा, एवढ्यात होतं. मग चाचणी. काही घड नेहमीसारखे वाहायचे, तेवढेच फ्रेमवर वाहायचे, दोन्हींवर खूण करून ठेवायची आणि दोन दिवसांनी डाग मोजायचे. एका फेरीला किती वेळ लागला तेही घड्याळ लावून लिहायचं.

इथे एक गोष्ट समोर येते जी कुठल्याच पुस्तकात नसते. जिथे मजुरी घडावर किंवा गाडीवर ठरलेली असते तिथे मजुराला वेग हवा असतो. फ्रेम चढवायला आणि काढायला वेळ गेला तर डाग कितीही कमी होऊ देत, दुसऱ्या दिवशी ती फ्रेम बांधावर पडलेली दिसेल. फायदा शेतकऱ्याचा आणि वेळ मजुराचा, तर तो का वापरेल? म्हणजे आता तिला एक तर एका झटक्यात चढणारी फ्रेम करावी लागेल, नाहीतर मजुरीचा हिशेब बदलायला शेतकऱ्याशी बोलावं लागेल. सतरा वर्षांच्या मुलीला भौतिकशास्त्र, मजुरी, बाजारभाव आणि माणसाचं शरीर हे एका जागी आणून विचार करायला लावणारा दुसरा विषय आपल्या बारावीत मला दिसत नाही, आणि म्हणूनच मी एवढ्या कळकळीने लिहितोय.

यात ‘टेक्नॉलॉजी’ कुठे आली

आली की. फ्रेमची नळी कुठली घ्यायची, अॅल्युमिनियम हलकं पण महाग, लोखंड स्वस्त पण जड आणि गंजतं, पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतं, हे सगळं साहित्याचं ज्ञान. वजनाचा मध्य पाठीच्या जवळ ठेवला तर माणूस मागे का ओढला जात नाही, हे फिजिक्स. चित्र असं काढायचं की वेल्डरने ते बघून न विचारता बनवावं, ते इंजिनिअरिंग ड्रॉइंग.

आणखी एक वस्तू बघा, खान्देशात शेताशेतात पडलेली. ड्रीपच्या नळीतला ड्रीपर. जळगाव आणि ठिबक हे नातं भवरलाल जैन यांच्या कंपनीमुळे देशभर माहीत झालं, पण आपल्यातल्या किती जणांनी ड्रीपर कापून आत बघितलाय? आत एक नागमोडी वाट असते. पाण्याचा दाब नळीत जास्त असतो, त्याला थेंबावर आणायचं तर सरळ उपाय म्हणजे एकदम बारीक भोक, पण बारीक भोक कचऱ्याने लगेच बुजतं. म्हणून वाट थोडी मोठी ठेवली आणि तिला वळणं दिली, वळणावळणावर पाणी घुसळतं, दाब कमी होतो, आणि घुसळल्यामुळे बारीक गाळ तिथे बसतही नाही. शेत उताराचं असेल तर खालच्या झाडांना जास्त पाणी जाईल, म्हणून काही ड्रीपरमध्ये रबरासारखा पातळ पडदा असतो, दाब वाढला की तो वाट आवळतो. आणि तरी आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्याने तोंडं बुजतात, म्हणून नळीतून आम्ल सोडावं लागतं. बोटाएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात इतके निर्णय आहेत. डिझाईन-टेक्नॉलॉजी शिकलेला मुलगा वस्तू हातात घेतली की ती अशीच का केली असेल हे विचारायला लागतो.

आता आपल्याकडे काय मिळतं

महाराष्ट्र बोर्डात हुबेहूब या नावाचा विषय नाही, पण जवळचे रस्ते आहेत.

पहिला रस्ता द्विलक्षी, ज्याला कॉलेजात सगळे बायफोकल म्हणतात. यात तुम्ही सायन्सलाच असता. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० मार्कांचा एक व्यावसायिक विषय घेता, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, मेकॅनिकल मेंटेनन्स, जनरल सिव्हिल इंजिनिअरिंग, स्कूटर-मोटारसायकल सर्व्हिसिंग, शेतीकडचे क्रॉप सायन्ससारखे विषय, वगैरे. निम्मे मार्क थिअरीचे, निम्मे प्रॅक्टिकलचे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स जागेवर राहतात, म्हणून इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होत नाही. सहसा बायोलॉजी सुटते, म्हणजे ज्याला डॉक्टरच व्हायचंय त्याने इकडे येऊ नये हे सरळ सांगतो.

दुसरा रस्ता बारावी व्होकेशनल, जुनं नाव एमसीव्हीसी, आजही गावात तेच चालतं. ही वेगळी शाखाच आहे, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, ऑटोमोबाईल, कन्स्ट्रक्शन, हॉर्टिकल्चर असे गट, त्यात प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकणंही असतं. परीक्षा राज्य मंडळच घेतं, म्हणजे बारावी ती बारावीच. तांत्रिक गटातून पास झालेल्यांना पॉलिटेक्निकला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं, जसं बारावी सायन्सवाल्यांना आणि आयटीआयवाल्यांना येतं. शासकीय पॉलिटेक्निक जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आहेत, म्हणजे त्यासाठी नाशिक-पुणे गाठायची गरज नाही.

तिसरा रस्ता सीबीएसईवाल्यांचा, तिथे अकरावी-बारावीला इंजिनिअरिंग ग्राफिक्स आहे आणि कौशल्य विषयांत डिझाईन थिंकिंग अँड इनोव्हेशन आहे. सगळ्या शाळा ते ठेवत नाहीत, विचारावं लागतं.

आणि विषय घेतला नाही तरी अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाच्या योजनेतून २०१६ पासून शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ही लॅब मिळते, एका लॅबला २० लाखांपर्यंत मदत, थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचं सामान. देशात दहा हजारांवर लॅब झाल्यात आणि २०२५ च्या बजेटमध्ये सरकारी शाळांसाठी आणखी ५० हजारांची घोषणा झाली. आता लॅब आहे पण कुलूप लावून ठेवलीय असं अनेक ठिकाणी असतं, सामान खराब होईल म्हणून मुलांना हात लावू देत नाहीत. पालकांनी शाळेत जाऊन हे विचारलं पाहिजे, अगदी हक्काने, कारण सामान वापरून मोडलं तर ते शिकण्यात मोडलं, कपाटात राहिलं तर दोन-चार वर्षांत तसंही जुनं होतं.

हे अचानक कुठून आलं

अचानक नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करता करता शिकायचं हीच त्यांची धारणा. तिथून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेला, ज्यात वेल्डिंगपासून शेती, ऊर्जा आणि घर-आरोग्यापर्यंत सगळं. त्याआधी गांधीजींच्या नई तालीममध्येही हेच होतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने व्होकेशनल आणि नेहमीचं शिक्षण यातली भिंत काढायची असं लिहिलं, सहावीपासून हाताचं काम आणि सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना शाळा, स्थानिक सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकायचं. २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्यात तर व्होकेशनल हा स्वतंत्र विषय म्हणून धरलाय. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत अकरावी-बारावीचे विषय आणि नावं बदलत जाणार आहेत, चालू वर्षाचं पत्रक बघितल्याशिवाय मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

‘हे तर कमी मार्कवाल्या पोरांचं’

ही समजूत सगळ्यात खोल बसलीय आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. ज्याला दहावीत कमी पडले त्याला व्होकेशनलला टाकायचं, मग तिथे तशीच मुलं जमतात, मग लोक म्हणतात बघा तिथे कमी मार्कवालीच असतात.

जयपूर फूट बघा. १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी हे हाडांचे डॉक्टर आणि रामचंद्र शर्मा हे फार न शिकलेले कारागीर या दोघांनी मिळून तो कृत्रिम पाय बनवला. तेव्हाचे परदेशी पाय बुटात घालायचे, त्यावर मांडी घालता यायची नाही, उकिडवं बसता यायचं नाही, अनवाणी शेतात चिखलात चालता यायचं नाही. म्हणजे आपल्या माणसाला तो पाय घरात नेऊन ठेवण्यापलीकडे काही कामाचा नव्हता. शर्मांना टायरच्या रबराचं काम बघून वाट सुचली, सेठींना शरीराची रचना माहीत होती. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामात जास्त हुशार कोण होतं हे ठरवायला गेलात तर उत्तर सापडणार नाही, कारण एकाला वगळून ती वस्तू झालीच नसती. आपली शाळा मात्र या दोघांना दहावीनंतरच वेगवेगळ्या दाराने बाहेर काढते.

‘जेईई, सीईटीचं काय होईल’

खरी अडचण आहे, वेळ जातो. प्रॅक्टिकल, वही, वर्कशॉप, यात दिवसाचे तास जातात हे नाकारून चालणार नाही. पण द्विलक्षी घेणारी बरीच मुलं उलट कारणाने घेतात, भाषा आणि बायोलॉजी यांच्या दोन पेपरांऐवजी एका विषयाचा अभ्यास. इंजिनिअरिंगच्या पात्रतेत फिजिक्स-मॅथ्सच्या जोडीला जो तिसरा विषय लागतो, त्याच्या यादीत केमिस्ट्रीबरोबर तांत्रिक व्होकेशनल विषयही धरलाय. सीईटी मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचीच द्यायची, त्यामुळे केमिस्ट्री सोडून देऊ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

आणि ज्याचं ध्येय आयआयटीचं कॉम्प्युटर सायन्स आहे, दिवसाचे बारा तास त्यातच जातात आणि त्यात तो खूश आहे, त्याने हे घेऊ नये. सगळ्यांनी घ्यावं असा हा विषय नाही.

‘मार्क कसे देणार, बाप बनवून देईल ना’

देईलच, मागच्या रात्री दुकानातून आणलेलं तयार मॉडेलही येईल. म्हणून जिथे हा विषय नीट चालतो तिथे वस्तूपेक्षा वहीला मान असतो. वहीत तारीखवार सगळं: कोणाला भेटलो, त्यांनी काय सांगितलं, पहिलं चित्र, फसलेला नमुना, मोजमापं, बदल. या वहीला किंवा फाईलला पोर्टफोलिओ म्हणतात. वस्तू बापाला बनवता येते पण तीन महिन्यांची खाडाखोड एका रात्रीत बनवता येत नाही, आणि शिक्षकाने दोन प्रश्न विचारले, ही नळी हीच का घेतली आणि आधीची का टाकली, की कळतंच काम कोणाचं आहे. चकचकीत वस्तू आणि कोरी वही आली तर मार्क कमी, मोडकी वस्तू आणि भरलेली वही आली तर जास्त, एवढं मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं की निम्मा प्रश्न सुटतो.

‘मुलींनी काय वेल्डिंग करायचं’

करायचं. डोळ्यावर काच, हातात मोजे आणि शिकवणारा माणूस असला की झालं. शिवणयंत्राची दुरुस्ती, पाटा, चूल, पाण्याचा हंडा, शेतातली निंदणी, या सगळ्यातल्या अडचणी सगळ्यात जास्त बायकांच्या अंगावर आहेत. ज्यांना अडचण अंगाने माहीत आहे त्यांनाच ठरवायच्या खोलीतून बाहेर ठेवलं तर वस्तू चुकीच्याच होणार.

खर्च, सामान, आणि आपल्याकडचे विषय

थ्रीडी प्रिंटरशिवाय हे होत नाही हा गैरसमज आहे. पुठ्ठा, बांबू, माती, तार, भंगारातली मोटर, सायकलची ट्यूब, करवत, मोजपट्टी, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. आणि अडचणींची तर आपल्याकडे खाण आहे. नंदुरबारला पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या जागेवर, लाल मिरची पसरलेली असते आणि अवकाळी आला की पळापळ होते, झटकन झाकता येईल अशी व्यवस्था कशी असेल? एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की कूलर मस्त चालतो आणि तोच कूलर जुलैत चिकचिक करतो, कारण हवेत आधीच ओल असते आणि पाणी उडून जात नाही, मग वर्गखोलीत दोन्ही ऋतूंत चालेल असं काय करता येईल? धुळ्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याचे कान आवाजाने जातात, त्याला कानात काही घालायला सांगितलं तर तो घालत नाही, का घालत नाही हे त्याच्याजवळ बसून कोणी विचारलंय का? भरताची वांगी काड्यांवर भाजताना धूर कोणाच्या डोळ्यात जातो? यातला प्रत्येक प्रश्न बारावीच्या एका प्रोजेक्टचा आहे.

बारावीनंतर

डिझाईनमध्येच पुढे जायचं असेल तर मुख्य दारं अशी. आयआयटी मुंबई यूसीड नावाची परीक्षा घेते, त्यातून आयआयटी मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा ठिकाणी चार वर्षांच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाईनच्या पदवीला, प्रवेश मिळतो. ही परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते, आर्ट्सच्या, कॉमर्सच्याही, हे अजून फार लोकांना माहीत नाही. परीक्षेत एक भाग कॉम्प्युटरवर आणि एक भाग कागदावर चित्र काढून. दुसरं दार एनआयडी, अहमदाबादची संस्था १९६१ ची, तिची प्रवेश परीक्षा प्रिलिम्स आणि मेन्स अशी दोन टप्प्यांत होते. कपड्यांकडे ओढा असेल तर निफ्ट. आर्किटेक्चरला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच, ते आधीच लक्षात ठेवा. यूसीड, एनआयडी, निफ्टचे फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास निघतात आणि पहिल्या टप्प्याच्या परीक्षा बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी उरकतात, म्हणून निकाल लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांचं एक वर्ष जातं.

मुलाने शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असेल तर उत्तम, हात वळलेला असतो, दहावीला वाढीव मार्कही मिळालेले असतात. पण चित्र सुंदर येत नाही म्हणून डिझाईन जमणार नाही असं मुळीच नाही. मनातली वस्तू दुसऱ्याला कळेल इतकं काढता आलं म्हणजे सुरुवातीला पुरतं.

या शिक्षणाला पैसे लागतात आणि बाहेरगावी राहावं लागतं. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी डिप्लोमाचा रस्ता, जळगाव-भुसावळच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत अॅप्रेंटिसशिप, चटई, पाईप, डाळमिलच्या यंत्रांची देखभाल, किंवा स्वतःचं वर्कशॉप. गावात ट्रॅक्टरला जोडायचं अवजार शेतकऱ्याच्या सांगण्यावरून बदलून देणारा फॅब्रिकेशनवाला हा डिझायनरच आहे. त्याला ड्रॉइंग आणि हिशेबाची जोड मिळाली तर तो एकाच्या जागी शंभर अवजारं सारखी बनवू शकतो, आणि एवढ्या एका फरकाने त्याचा धंदा बदलतो.

कॉलेज निवडताना काय विचारायचं

पत्रकावर विषय छापलाय म्हणजे तो चालतो असं नसतं. प्रत्यक्ष जा. वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा, यंत्रांवर धूळ आहे का बघा. या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, की तासिकेवर कोणीतरी येतं? मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या मागा, दहा मुलांच्या वह्यांत एकच मजकूर असेल तर तिथे डिझाईन शिकवत नाहीत, उतरवून घेतात. द्विलक्षीच्या जागा किती, त्यासाठी वेगळी निवड कधी होते आणि फी किती वेगळी, हे फॉर्म लॉक करण्याआधीच विचारा, नंतर बदलायला गेलं तर पुढच्या फेरीची वाट बघत बसावं लागतं. आणि जाताना मुलाला सोबत न्या, त्यालाच विचारू द्या, कारण दोन वर्षं त्या वर्कशॉपमध्ये त्याला उभं राहायचंय.